आधी छत, मग कूलर: खान्देशच्या उन्हाळ्यात घर गार, वीजबिल आटोक्यात

होळी झाली की जळगाव, भुसावळ, धुळे, शहादा सगळीकडे एकच धावपळ सुरू होते. कूलर दुरुस्तीला टाका, नवा घ्या, नाहीतर हप्त्यावर एसी बसवा. मेमध्ये पारा ४५च्या आसपास खेळतो, तेव्हा यंत्राशिवाय भागत नाही हे खरंच आहे. पण बहुतेक घरांत खर्चाचा क्रम उलटा लागलेला दिसतो. तापलेल्या स्लॅबखाली मोठा कूलर लावायचा, तो पुरत नाही म्हणून एसी घ्यायचा आणि जूनमध्ये बिल हातात आलं की महावितरणच्या नावाने बोटं मोडायची. घर तापू द्यायचं नाही, यावर पहिला रुपया खर्च करा. मग लहान यंत्रही पुरतं आणि कमी तास चालतं.

बिल आधी समजून घ्या

घरगुती वीजदर टप्प्यांनी वाढतो: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा आणि ५००च्या वर चौथा. अनेकांना वाटतं की ३०१वं युनिट झालं की सगळंच बिल वरच्या दराने लागतं. तसं होत नाही. वरच्या टप्प्यात गेलेल्या युनिटांनाच वरचा दर लागतो. पण तो दर पहिल्या शंभर युनिटांच्या दुपटीहून जास्त असतो आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्कही येतं. म्हणून उन्हाळ्यात वाचवलेलं प्रत्येक युनिट तुमच्या सगळ्यात महागड्या टप्प्यातलं असतं. मार्चमध्ये १२० युनिट जाळणारं घर मेमध्ये ३५० वर गेलं, तर त्यातली शेवटची पन्नास युनिटं वाचवण्यात सगळ्यात जास्त पैसे आहेत.

आता एक काम करा. सकाळी आठला मीटरवरचा आकडा वहीत लिहा, दुसऱ्या दिवशी पुन्हा आठला लिहा. दोन-तीन दिवस असं केलं की रोजची युनिटं कळतात. मग हिशेब मांडा: वॅट गुणिले तास, भागिले हजार. ७५ वॅटचा जुना पंखा १६ तास फिरला की १.२ युनिट. २०० वॅटचा लोखंडी कूलर दहा तास चालला की दोन युनिट. दीड टनाचा एसी आठ तास चालला तर खोली किती तापलीय त्यावर आठ-दहा युनिट. कूलर आणि एसीमधला हा फरक महिन्याला दोनशे युनिटांच्या आसपास जातो. कूलरवर भागत असेल तोवर एसीकडे वळू नका, असं मी आग्रहाने सांगतो ते यासाठी.

बिलावर टीओडीचा (दिवसाच्या वेळेनुसार बदलणाऱ्या वीजदराचा) उल्लेख असेल आणि दिवसाच्या वापराला सवलत दिसत असेल, तर पाण्याची मोटर, धुण्याचं मशीन, इस्त्री ही कामं त्या तासांत करा.

छत

नवतपा लागतो त्याच सुमाराला, मेच्या शेवटच्या आठवड्यात, खान्देशात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली पडत नाही. जळगाव आणि धुळे साधारण २१ अंश अक्षांशावर असल्याने हे घडतं. याचा घराशी थेट संबंध आहे. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळपास लागतच नाही. सकाळी पूर्वेची भिंत तापते, दुपारनंतर पश्चिमेची, आणि छत मात्र सूर्योदयापासून मावळतीपर्यंत सगळं अंगावर घेतं. एकमजली घरात किंवा इमारतीच्या वरच्या मजल्यावर उष्णता मुख्यतः वरूनच येते.

स्लॅबचा आणखी एक त्रास म्हणजे त्यात साठलेली उष्णता काही तास उशिरा खाली उतरते. बाहेर ऊन कलतं तेव्हा आतलं छत सर्वांत जास्त तापलेलं असतं. संध्याकाळी पंखा लावला की तीच गरम हवा डोक्यावर येते आणि रात्री अकरापर्यंत खोलीत बसवत नाही. आपली जुनी धाब्याची घरं याबाबतीत फार शहाणपणाने बांधलेली होती. लाकडी सरे, त्यावर फळ्या, त्यावर हात-दीड हात मातीचा थर आणि खाली जाडजूड मातीच्या भिंती. दुपारची उष्णता आत पोहोचायलाच रात्र व्हायची, आणि तोवर घरातली माणसं अंगणात खाटा टाकून निजलेली असायची. तुमच्या वाड्यात धाब्याची एखादी खोली अजून उभी असेल तर ती पाडू नका. गळती काढा, खारी माती टाकून घ्या. मेमधल्या दुपारी घरातली सगळ्यात आरामाची जागा तीच असेल.

स्लॅबच्या घरासाठी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी काम म्हणजे गच्ची पांढरी करणं. होळीनंतर सुरू करून आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत उरकायचं.

पहिल्या दिवशी गच्ची झाडून, तारेच्या ब्रशने शेवाळ आणि सुटे पापुद्रे काढून धुऊन घ्या. भेगा असतील तर सिमेंटने भरून वाळू द्या. चुना भेगा बुजवत नाही, त्यामुळे पावसाळ्यात गळती तशीच राहते.

त्याच दिवशी चुना भिजत घाला. ५०० चौरस फुटांच्या गच्चीला तीन हात द्यायचे तर १५ ते २० किलो चुनकळी लागते. लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या आणि त्यात चुनकळी थोडी थोडी सोडा. चुना विरताना पाणी उकळतं आणि उडतं, म्हणून प्लास्टिकची बादली नको. डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे हवेतच. डोळ्यात चुना गेला तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवत राहा आणि दवाखाना गाठा. लहान मुलांना त्या दिवशी गच्चीवर येऊ देऊ नका.

रात्रभर भिजलेला चुना दुसऱ्या दिवशी कापडातून गाळा. किलोला साधारण पाच लिटर पाणी पडेल इतका पातळ ठेवा. चिकटायला डिंकाचं पाणी किंवा थोडा फेव्हिकॉल घाला. पांढरं सिमेंट मिसळलं तर थर जास्त टिकतो. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, गच्ची किंचित ओली करून पहिला हात द्या. तो वाळला की दुसरा उलट दिशेने आणि मग तिसरा. भर उन्हात लावलेला चुना लगेच सुकतो आणि भुकटी होऊन पायाला लागतो.

परवडत असेल तर उन्हाची उष्णता परतवणारा तयार पांढरा रंग मिळतो, तो काही वर्षं टिकतो. चुना दर उन्हाळ्याला पुन्हा द्यावा लागतो. घर नव्याने बांधत असाल किंवा गच्चीचा कोबा करायचाच असेल तर वर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवून घ्या, मग पुढची अनेक वर्षं बघायला नको. पांढरा पृष्ठभाग धुळीने मळतो आणि मळला की त्याचा उपयोग कमी होतो, म्हणून पंधरवड्यातून एकदा झाडू फिरवा. गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवत असाल तर पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी टाकीत घेऊ नका.

संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायची सवय पुष्कळांना आहे. त्याने स्लॅब गार होतो हे खरं आहे. पण आठ-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावात गच्चीवर पाणी ओतणं मला पटत नाही. तेवढंच पाणी कूलरमध्ये घातलं तर जास्त कामाला येतं.

पत्र्याच्या घरांची गोष्ट वेगळी. पत्रा उष्णता साठवत नाही, तापला की लगेच खाली फेकतो. सकाळी दहापासून खोलीत बसवत नाही, पण रात्री पत्रा लवकर निवतो. पत्र्याला वरून पांढरा रंग द्या आणि त्याच्यावर हात-दोन हात उंचीवर बांबू बांधून हिरवी शेडनेट ताणा. जाळी पत्र्याला चिकटू देऊ नका, मधून हवा खेळली पाहिजे. खालून चटईचं किंवा प्लायचं छत केलं तर त्याच्या आणि पत्र्याच्या मधली हवा बाहेर जायला दोन्ही टोकांना जागा सोडा. पत्र्यावर पराट्या (कापसाच्या वाळलेल्या काड्या), कडबा किंवा केळीची वाळलेली पानं पसरायची पद्धत गावोगावी आहे. गारवा मिळतो, पण चुलीची एक ठिणगी किंवा विजेची एक लोंबती तार पुरते आणि गल्ली पेटते. जिथे घराला घर लागून आहे तिथे हा प्रयोग करूच नका.

पश्चिमेची भिंत आणि खिडक्या

दुपारी दोनपासून मावळतीपर्यंत पश्चिमेचं ऊन तिरपं येऊन भिंतीवर आणि खिडकीत थेट शिरतं. छज्जा त्याला अडवत नाही. पडदा आतून लावला तर काच ओलांडून उष्णता आत आलेलीच असते, म्हणून आडोसा बाहेरून हवा: बांबूची चिक, बारदान, शेडनेट, काहीही. अंगण असेल तर पश्चिमेला कडुनिंब लावा. तो मोठा होईपर्यंत मांडव घालून गिलक्याचा वेल चढवा, त्याला मोरीचं सांडपाणी चालतं. भाजीही मिळते.

खिडक्या कधी उघडायच्या, याला पैसे पडत नाहीत आणि फरक मात्र मोठा पडतो. सकाळी नऊच्या आत खिडक्या-दारं लावून घ्या. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असेपर्यंत लावलेलीच राहू द्या. सूर्य मावळून बाहेर बरं वाटू लागलं की समोरासमोरच्या खिडक्या उघडा आणि रात्रभर उघड्या ठेवा. आपल्याकडे हवा कोरडी असल्यामुळे पहाटे चांगला गारवा येतो. तो भिंतींत मुरू दिला तर दुसऱ्या दिवशीची दुपार सुसह्य होते. डासांची जाळी आणि मजबूत गज हा यासाठी करण्यासारखा खर्च आहे.

कूलर

खान्देशच्या कोरड्या हवेत कूलरइतकं किफायती यंत्र दुसरं नाही. एक लिटर पाण्याची वाफ होताना हवेतली साधारण ०.६७ युनिटाएवढी उष्णता शोषली जाते, आणि त्यासाठी वीज लागते ती फक्त पंख्याला आणि पंपाला. बाहेर ४३ अंश आणि हवेत १५ टक्के आर्द्रता असेल तर चांगला कूलर २७ ते २९ अंशांची हवा देतो. मुंबईच्या दमट हवेत हाच कूलर नुसती ओल देईल.

पण तो नीट बसवलेला हवा. कूलर खिडकीबाहेर असावा, म्हणजे तो ताजी कोरडी हवा ओढेल. खोलीच्या आत ठेवलेला कूलर तीच ओली हवा पुन्हा पुन्हा फिरवतो आणि तासाभरात अंग चिकट होतं. एरवी दिवसा खिडक्या बंद असल्या तरी कूलर चालू असताना समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार उघडं ठेवा, निदान कूलरच्या तोंडाएवढी जागा हवीच. हवेला बाहेर जायला वाट नसेल तर नवी हवा आत येणार कुठून? जमल्यास उत्तरेची खिडकी निवडा. पश्चिमेलाच बसवावा लागला तर वर सावली करा, मात्र ताट्यांवर हवेची वाट अडवू नका.

उन्हाळ्याआधी वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या बदला. जुन्या ताट्यांवर बोअरच्या पाण्याचे क्षार बसून त्या दगडासारख्या होतात, मग पाणी एका कडेने ओघळतं आणि हवा कोरडीच आत येते. हनीकोंबच्या ताट्या महाग पडतात, पण काही उन्हाळे चालतात. वरच्या पन्हाळीतली भोकं सुईने मोकळी करा, म्हणजे ताटी सगळीकडून सारखी भिजेल. चालू करताना आधी पंप लावा आणि दहा मिनिटांनी पंखा.

टाकीत बर्फ टाकण्यात अर्थ नाही. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, त्याच्या सातपट एक लिटर पाणी वाफ होताना घेतं. शिवाय बर्फ करायला फ्रिजने वीज खाल्लेलीच असते. गच्चीवरच्या टाकीतलं तापलेलं पाणीसुद्धा कूलरला चालतं, गारवा वाफेतून येतो. पहाटे तीन-चारनंतर पंप बंद करून नुसता पंखा ठेवा, पाणीही वाचतं. मोठा कूलर भर दुपारी तासाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज पितो. म्हणून धुण्याचं शेवटचं, साबण नसलेलं पाणी गाळून त्यात वापरलं तरी हरकत नाही.

आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, वाळवून भरा. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. रिकामी केल्याने क्षारही साठत नाहीत.

आणि हे मनापासून सांगतो, कृपया टाळू नका: कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याच्या बातम्या आपल्या भागात दर उन्हाळ्यात येतात. लोखंडी पेटी, ओली फरशी, अनवाणी पाय आणि अर्थिंग नसलेली दोन पिनांची वायर एकत्र आली की जीव जातो. तीन पिनांचा प्लग लावा. घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. मेन स्विचजवळ ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवा, तो गळती होताच वीज तोडतो. पाणी भरताना किंवा पंपाला हात लावताना नुसतं बटण बंद करून थांबू नका, प्लग काढा. लेकरं कूलरच्या मागे खेळणार नाहीत, हे बघा.

पंखे, फ्रिज, स्वयंपाक

पंखा हळू फिरतोय म्हणून नवा घेण्याआधी कंडेन्सर बदलून बघा, शंभराच्या आसपास खर्चात काम होतं. नवा घ्यायचाच असेल तर बीएलडीसी घ्या. तो ७५च्या जागी ३० वॅटच्या आसपास वीज घेतो. १६ तास फिरणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला वीसेक युनिट वाचतात, म्हणून सर्वांत जास्त फिरणारा पंखा आधी बदला. डब्यासारखा मोठा जुना रेग्युलेटर असेल तर तोही काढा. पंखा हळू केला तरी तो वीज उष्णतेत घालवतो.

फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, मागची धूळ झाडा, गरम भांडं आत ठेवू नका. प्यायच्या पाण्यासाठी माठ. आखाजीला घागर भरतो तेव्हा नवं मडकं घरात येतंच. माठ वाऱ्याच्या जागी तिवईवर ठेवा, आणि बाहेरून घासून छिद्रं मोकळी ठेवा. मग बाटल्यांसाठी दिवसभर फ्रिजचं दार उघडावं लागत नाही.

स्वयंपाक सकाळी आठच्या आत उरकला तर घरात उष्णता साचत नाही. बिबड्या आणि पापड करायला बायका भल्या पहाटे उठतात, त्यामागेही हाच अनुभव आहे. डाळ-भात कुकरमध्ये, भाकऱ्या जमल्या तर अंगणातल्या चुलीवर. दिवसभर गॅससमोर उभ्या राहणाऱ्या बाईसाठी स्वयंपाकघरात धूर आणि गरम हवा ओढणारा पंखा आधी बसवा, दिवाणखान्यातला नवा पंखा मागे राहिला तरी चालेल.

एसी लागलाच तर

घरात आजारी माणूस असेल, वरचा मजला असेल किंवा पाण्याची इतकी ओढ असेल की कूलर चालवणं शक्य नाही, तर एसी घ्यावा. एकाच खोलीत घ्या आणि दुपारी-रात्री सगळ्यांनी तिथेच झोपायची सोय करा. इन्व्हर्टरचा आणि जास्त तारांकनाचा घ्या. लेबलवर वर्ष असतं तेही बघा, कारण निकष वेळोवेळी कडक होतात. २६ अंशांवर ठेवून हळू पंखा लावा. एक अंश वर नेला की साधारण ६ टक्के वीज वाचते. दाराखालची फट बंद करा, जाळी पंधरा दिवसांनी धुवा, बाहेरच्या युनिटवर सावली ठेवा पण त्याची हवा कोंडू नका. एसीच्या खोलीत कूलर चालवू नका. कूलरने टाकलेली ओल काढण्यातच एसीची वीज जाते.

सोलर

पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किंवा जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो. त्याला साधारण १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. पॅनेल उंच बसवले तर स्लॅबवर सावली पडते हा दुसरा फायदा. गच्चीचा कोबा आणि पांढरा थर पॅनेल बसण्याआधी करून घ्या, नंतर खाली वाकून काम करणं अवघड जातं. धुळीने उत्पादन घटतं, म्हणून पॅनेल सकाळी लवकर धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नका. पण आधी वर सांगितलेली कामं करा. वापर कमी झाला की तीन किलोवॅटच्या जागी दोनही पुरतील आणि कर्ज कमी काढावं लागेल.

जिथे काटकसर करायची नाही

खोली चाळिशीच्या वर गेली असेल तर नुसता पंखा अंगावर गरम हवाच फेकतो, शरीर त्याने निवत नाही. म्हातारी माणसं, तान्ही बाळं, बाळंतीण आणि रक्तदाबाची किंवा साखरेची औषधं घेणारे यांच्या खोलीत दुपारी कूलर चालूच राहिला पाहिजे. वीज गेली तर अंगावर ओलं सुती कापड फिरवा, वारा घाला, पाणी-ताक घोटघोट द्या. कोणी बरळू लागलं, अंग तापून भान हरपलं, तर तोंडात पाणी घालत बसू नका. सावलीत आणा, अंगावर पाणी ओता आणि १०८ला फोन करा.

पाऊस लागला की

जूनमध्ये हवा दमट झाली की कूलरचा उपयोग संपतो. मग पंप बंद करून नुसता पंखा वापरा. मृग बरसला की टाकी रिकामी करून क्षार खरवडा, पेटी उन्हात कोरडी करा, गंजलेल्या जागी रेड ऑक्साइड मारा, पंप धुऊन कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा. गवताच्या ताट्या काढून टाका, त्या पुढच्या वर्षी चालत नाहीत. मीटरची वही मात्र जपून ठेवा. पुढच्या मेमध्ये याच महिन्याचे आकडे शेजारी मांडले की गच्चीवरच्या चुन्याने किती युनिटं वाचवली ते कळेल.